दहा मिनिटांत मोकळं होईल

२ नोव्हेंबर, सोमवार
रविवारी टेकडीपलीकडच्या फ्लाइंग क्लबात माझं व्याख्यान. विषय: 'खराब हवामानात छोटी विमानं का पडतात?' अपघातांचे चाळीस रिपोर्ट वाचून काढले. चाळीसच्या चाळीस वैमानिक गाढव. प्रत्येकाचं एकच पालुपद: 'दहा मिनिटांत मोकळं होईल.' कीव येते.

३ नोव्हेंबर
बायकोला स्लाइड्स दाखवल्या. अकरा वर्षांत ती माझ्या विमानात बसलेली नाही. अट जुनीच: ज्या दिवशी हवामान बघून निमूट घरी परत याल, त्या दिवशी बसेन. तशी वेळच आली नाही, त्याला मी काय करणार? (दोनदा आली होती. मोजण्यासारखी नाही.) व्याख्यान ऐकून विरघळेल. तिची सीट पुसून ठेवली.

५ नोव्हेंबर
संकल्प: रोज तालीम. आज नाही झाली. घसा जपायला हवा.

७ नोव्हेंबर, शनिवार
मेहुणा हवामान खात्यात. फोनवर म्हणाला, उद्या टेकडीवर ढग बसणार, दुपारपर्यंत उठायचे नाहीत, ताईबरोबर गाडीने जा. मागे यानेच पाऊस सांगितला आणि आम्ही सहकुटुंब छत्र्या घेऊन उन्हात फिरलो. शिवाय विमानाच्या व्याख्यानाला गाडीतून उतरायचं? शोभतं का? बायको जाईल गाडीने, स्लाइड्स घेऊन.

८ नोव्हेंबर, सकाळी ८.१०
टेकडी दिसत नाही. पण जाणार आहे कुठे? मेकॅनिकने दोनदा विचारलं, नक्की ना? दोनदा म्हणालो, नक्की.

८.४०
चहा झाला. अजून तसंच. दहा मिनिटांत मोकळं होईल. निघतो.

११.२०, कोबीचं शेत
झालं नाही मोकळं. ढगात शिरलो, सगळं पांढरं. खिशातलं पेन छताकडे निघालं तेव्हा शंका आली की आपण सरळ नाही. जाम घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय? शेजारची सीट रिकामी आहे याचं इतकं बरं वाटलं की रडूच आलं. ढगातून बाहेर पडलो तर समोर कोबी. उतरलो. पुढचं चाक जरा लांब उतरलं. मला नुसतं खरचटलं. शेताच्या मालकीणबाई म्हणाल्या, बसा, पाणी घ्या, मागचे वैमानिकही याच वाफ्यात उतरले होते. म्हणजे माझ्या चाळिसांतला रिपोर्ट नंबर सतरा.

दुपारी २
ट्रॅक्टरवरून क्लबात पोहोचलो. वक्ता नाही म्हणून बायकोनेच स्लाइड्स समजावल्या होत्या. कोणीतरी विचारत होतं, अशी माणसं खरंच असतात का? तिने दाराकडे बोट दाखवलं. मग धावत येऊन सगळ्यांदेखत माझे हातपाय चाचपले. त्यानंतर अबोला.

१४ मे
कोबीपायी जप्त झालेला परवाना परत मिळाला. सकाळी धावपट्टीवर गेलो. टेकडीवर ढगाचा एवढासा पुंजका. पण पायच उचलेना. निमूट घरी आलो. बायकोने दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, उद्या बसते. सीट पुन्हा पुसली.

१५ मे
बायको बसली. पुढे, डावीकडे, वैमानिकाच्या जागी. शेजारी प्रशिक्षिका. तीन महिने शिकतेय, मला आज कळलं. मी मागे, तोंड न उघडण्याच्या अटीवर. छान चाललं होतं. टेकडीजवळ समोर थोडे ढग आले. न राहवून म्हणालो, दहा मिनिटांत मोकळं होईल.

तिने विमान वळवलं.