काचेवर ठेवलेलं नाणं

मी, स्ताव्रूला कारिदिस, दिवंगत ताकीस कारिदिस यांची पत्नी, वय एकोणऐंशी, धंदा मिल्क बार, म्हणजे मिल्कशेक-सँडविचचं दुकान, राहणार बिंबी हेड, न्यू साउथ वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाला मी ओळखते. गुडघे गेले, दात गेले, पण कान शाबूत आहेत आणि इथलं बरंचसं त्या कानांच्या कृपेने लिहिलं गेलं आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. यात गोष्टी सांगू नका, असं वकिलाने बजावलं होतं. त्याची फी त्याला मिळाली आहे.

कलम १. अंत्यविधी. मला ताकीसशेजारी पुरावं, त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला. डाव्याने त्याला ऐकू येत नव्हतं, निदान तो तसं म्हणायचा. चाळीस दिवसांनी चर्चमध्ये वाटायचे उकडलेले गहू माझी सून जनीन हिने करू नयेत. सासऱ्याच्या वेळी केले होते. लोक अजून बोलतात.

कलम २. जंगम मालमत्ता. बँकेतली शिल्लक अंत्यविधीला लागेल. उरलीच तर चर्चच्या छपराला द्यावी. माझा हिरवा मिल्कशेक मिक्सर आणि स्टीलचे उंच पेले माझ्यासोबत पेटीत ठेवावेत. पाद्री हरकत घेईल, म्हणून त्याला विचारू नये.

कलम ३. शेजारच्या फिश-चिप्सच्या दुकानाची मालकीण डोरीन पॅस्को. हिने माझी मासे तळायच्या पिठाची कृती चोरली. बहिणीला गिऱ्हाईक बनवून माझ्याकडे पाठवलं आणि माझ्याच तोंडून काढून घेतली. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोलत नाही. तिला माफी दिलेली नाही आणि या मृत्युपत्रानेही मिळत नाही.

कलम ४. दुकानाची हकीकत. सदर दुकान, मागच्या दोन खोल्या, परसू आणि गॅरेज ही सर्व मिळकत एकट्या माझ्या नावावर आहे.

दुकानाच्या खिडकीपाशी पूर्वी व्हिडिओ गेमची चार मशिनं होती. ताकीसने विकत आणली. मी काही बोलले नाही, कारण खेळायला आलेलं पोरगं मिल्कशेकही पितं. नंबरावरून मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून या सगळ्या किनाऱ्यावर जो रिवाज होता तोच आमच्याकडे होता. ज्याला पुढचा डाव हवा त्याने आपलं वीस सेंटचं नाणं मशिनच्या काचेच्या कडेवर ठेवायचं. नाणं आहे तोवर नंबर त्याचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. ताकीसने त्यात आपली भर घातली. पोरं नाणी ठेवून समुद्रात डुंबायला पळायची, म्हणून त्याने भिंतीवर लिहून लावलं: उंबऱ्याबाहेर गेलात तर नंबर गेला आणि नाणं दुकानाचं.

माझा एकुलता एक मुलगा लेफ्तेरीस हा नियम प्राणापलीकडे पाळायचा. संडास परसात होता. नंबर जाऊ नये म्हणून एकदा त्याने उभ्या उभ्या चड्डी ओली केली, पण बाहेर गेला नाही. बापाने पाठ थोपटली. लादी मी पुसली.

तो तेरा वर्षांचा असताना बाप-लेकांनी ठरवलं की मिल्क बार बंद करून सगळ्या दुकानाचं गेम पार्लर करायचं. सँडविच गुंडाळायच्या कागदावर नकाशा काढला. कुठलं मशिन कुठे, तारा कुठून, पोरांनी सायकली कुठे लावायच्या, सगळं होतं. मी हात पुसून बघायला गेले. ज्या काउंटरमागे मी पहाटेपासून उभी असायचे तो काउंटर नकाशात कुठेच नव्हता. मी विचारलं, यात मी कुठे? ताकीस हसून म्हणाला, "तू काय, कुठेही बसशील." मुलगाही हसला.

पुढच्याच आठवड्यात ताकीस माल आणायला सिडनीला गेला आणि मुलगा शाळेत गेला, तेव्हा मी माणूस बोलावून चारही मशिनं विकून टाकली. खिडकीजवळच्या मशिनच्या काचेवर एक नाणं होतं. शाळेतून आल्या आल्या आपला नंबर असावा म्हणून लेफ्तेरीसने सकाळीच ठेवलं होतं. त्याच्या नाण्यावर खिळ्याने त्याचं अक्षर कोरलेलं असायचं. मी ते उचललं.

तो आला आणि दप्तर खांद्यावर तसंच ठेवून लादीवरच्या चार चौकोनांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझं नाणं?"

"तू उंबऱ्याबाहेर होतास," मी म्हणाले.

मला वाटलं रडेल, पण रडला नाही. ताकीसने त्यानंतर मरेपर्यंत माझ्या हातचा मिल्कशेक मागितला नाही. या गोष्टीची मी कोणाकडे माफी मागितलेली नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा विकीन.

ताकीसचं अर्धं अंग गेलं तेव्हा लेफ्तेरीस ब्रिस्बेनला नोकरीत होता. आला, बापाच्या खाटेशी उभा राहिला आणि गाडीतून बॅग आणतो म्हणून बाहेर गेला. गाडी सुरू झालेली मी ऐकली. ताकीसनेही ऐकली, दोन्ही कानांनी. पुढे तो जगला तोवर त्याला उचलून खुर्चीत बसवायला दुसरं कोणी नव्हतं. डोरीन रोज दुपारी तळणीचा गॅस बंद करून यायची, त्याचे पाय धरायची, मी खांदे धरायचे. काम झालं की तोंडातून शब्द न काढता परत जायची. चोर ती चोरच, पण एक दुपार चुकली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी न्हाणीघरात पडले आणि लेफ्तेरीसला आईचा पुळका आला. येताना ट्रकभर जुनी गेमची मशिनं घेऊन आला. न विचारता गॅरेज भरलं. जुन्या गेमांचं म्हणे आता लोकांना वेड लागलंय, शहरातून गाड्या भरभरून लोक येतील. नोकरी सोडून आलाय, ब्रिस्बेनचं घर विकून आलाय. आता हे दुकान नाही मिळालं तर त्याला आणि जनीनला रस्त्यावर यावं लागेल. मला हे नीट माहीत आहे. पाटीसुद्धा रंगवून तयार आहे: 'कारिदिस आणि मुलगा'. तो मुलगा कोणाच्या पोटी जन्मला, ते पाटीवर नाही.

नकाशा फ्रिजवर चिकटवला आहे. माझा पलंग आहे तिथे सुटे पैसे देणारं यंत्र येणार आहे. ती खोली मोजायला आला तेव्हा मी पलंगावरच होते. टेप हातात धरून म्हणाला, "आई, जरा पाय वर घे." मी घेतले. मग दाराआडून जनीनला फोनवर सांगितलं, "फार तर नाताळपर्यंत गं. मग भिंत पाडू."

कलम ५. कलम ४ मधली सर्व मिळकत मी माझा मुलगा लेफ्तेरीस यास संपूर्ण मालकी हक्काने देते. ज्या ओळीची त्याने जन्मभर वाट पाहिली ती हीच.

कलम ६. जो साक्षीदार म्हणून मृत्युपत्रावर सही करतो त्याला त्यातून काही घेता येत नाही, असं वकिलाने मला समजावलं. कोणी त्यात फट शोधू नये म्हणून मी वेगळं लिहिते: या कागदावर साक्ष घालणाऱ्याला माझ्याकडून काहीही मिळू नये, मग तो कोणीही असो. हीच माझी इच्छा आहे.

उद्या सकाळी सह्या आहेत. औषधवाला रॉस मकेलर येईल. दुसरा साक्षीदार म्हणून मी लेफ्तेरीसला हाक मारीन. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. पण "यात काय लिहिलंयस, आई?" असं त्याने म्हटलं तर मी वाचायला देईन. शिवाय त्याच्या सहीच्या जागेवर मी ते नाणं ठेवीन, तेच, त्याचं अक्षर कोरलेलं. इतकी वर्षं साखरेच्या डब्यात जपलं आहे. "हे अजून तुझ्याजवळ आहे?" एवढं जरी तो म्हणाला, तरी मी हा कागद फाडीन आणि नवा लिहीन. त्यात एकच ओळ असेल, सगळं त्याचं. नाणं बाजूला सारून त्याने सही केली, तर तो उंबऱ्याबाहेर गेला असं समजावं.

कलम ७. तसं झाल्यास कलम ५ रद्दबातल होऊन सर्व मिळकत डोरीन पॅस्को हिला मिळावी. अट एकच. या जागेत गेमचं मशिन कधीही बसू नये, एकसुद्धा. लेफ्तेरीसने आपली मशिनं आणि पाटी उचलून न्यावी. नाणं दुकानाचं आहे, ते इथेच राहील. या कागदाने डोरीनला लाभ होण्याजोगा असल्याने उद्या सह्या होईपर्यंत तिने इकडे फिरकू नये. तिला हे कोणी कळवण्याची गरज नाही, उद्या सकाळी ती तशीही मासळी घ्यायला गेलेली असेल.

इतकंच सांगायचं होतं.

ठिकाण: बिंबी हेड
तारीख: १४ ऑगस्ट २०१४

सही: स्ताव्रूला कारिदिस

श्रीमती कारिदिस यांनी ही सही आमच्या डोळ्यांदेखत केली आणि त्यांच्यासमोर आम्ही दोघांनी आपापल्या हाताने नाव, धंदा व पत्ता लिहून साक्ष घातली.

साक्षीदार १
नाव: रॉस मकेलर
धंदा: औषधविक्री
पत्ता: जेटी रोड, बिंबी हेड

साक्षीदार २
नाव: लेफ्तेरीस कारिदिस
धंदा: मालक, व्हिडिओ गेम पार्लर
पत्ता: हेच दुकान