डावीकडचा आकडा

४ जून

चि. बिटकीस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला म्हणून तुझ्या आईने माझं डोकं खाल्लं, तेव्हा आज दुकानातच लिहायला बसलोय. तिचे गुडघे जरा बरे आहेत. जीभ पहिल्यापासून ठणठणीत आहेच.

दवाखान्यातल्या पेशंटांना नंबर दाखवणारा बोर्ड दुरुस्तीला आलाय. लाल दिव्यांचे तीन इंग्रजी आकडे, एकेक आकडा सात पट्ट्यांचा. एक आला की लख्ख, आठ आला की मिणमिणता. मागच्या बाकावरून आठ वाचताच येत नाही, त्यामुळे नंबर हुकले की तिथे रोज भांडणं. शिवाय डावीकडचा आकडा कायमच फिका. तुमच्या कारखान्यात असले बोर्ड रोज हाताखालून जातात, म्हणून इंजिनीअरीणबाईंना विचारतो. घाई नाही, पण बोर्डाविना तिथली नर्स ओरडून ओरडून दमली आहे.

जेवणाची हयगय करू नकोस. दोन ओळी का होईना, पण लिही.

तुझे बाबा

१२ जून

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

इंजिनीअरीणबाई खूश झाल्या. रजेचं मात्र विचारू नका, साहेब ते नाव काढू देत नाहीत.

तुमचे तिन्ही आकडे एकदम पेटत नाहीत, एकामागून एक पेटतात. पण इतक्या भराभर, की डोळा फसतो. बनवणाऱ्याने काटकसर करून एका आकड्याला मिळून करंट आवरणारा एकच रेझिस्टर लावलेला असणार. मग तेवढाच करंट एकाच्या दोन पट्ट्यांत वाटला जातो आणि आठाच्या सातांत. वाटेकरी वाढले की वाटा कमी. तो काढा आणि पट्ट्यांच्या सातही तारांना स्वतंत्र रेझिस्टर लावा.

डावीकडच्यासाठी असं करा. डावा आणि उजवा आकडा काढून अदलाबदल करून बसवा. फिकेपणा उजवीकडे गेला, तर तो आकडाच जुना झालाय. डावीकडेच राहिला, तर त्या जागेला करंट पुरवणारा ट्रान्झिस्टर थकलाय, तो बदला.

आईला म्हणावं, गुडघ्यांना शेक घे आणि जिभेला विश्रांती दे. माया आहेच, पत्रंही येऊ द्या.

बिटकी

२३ जून

चि. बिटकीस अनेक आशीर्वाद.

शाबास. सात रेझिस्टर लावले आणि एक नि आठ सारखे झाले. डावीकडचा मात्र हटून बसलाय. आकडे अदलाबदल केले, डावीकडचाच फिका. ट्रान्झिस्टर बदलला, तरी तेच. तारांना पुन्हा कथलाचा डाग दिला, त्यात बोट भाजून घेतलं. इस्त्री कधी डावीकडे येऊन बसली कळलंच नाही. डाग द्यायची इस्त्री म्हणतोय, नाहीतर तुला वाटेल बाबा कपडे इस्त्री करू लागले.

इतक्या वर्षांत असा चक्रम बोर्ड पाहिला नाही. आता तूच काहीतरी सुचव.

बाबा

ता. क. : मी आई. मला तर तिन्ही आकडे सारखेच दिसतात. पण माझं इथे ऐकतो कोण.

१ जुलै

ती. आईस शि. सा. नमस्कार.

हे पत्र बाबांना आत्ता दाखवू नकोस. तुझी ती ओळ वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही.

बोर्डावर तिन्ही आठ लावलेले असताना, बाबा आत गेले की अख्खा बोर्ड खालचा वर करून ठेव. आठ उलटा केला तरी आठच दिसतो, त्यांना कळणार नाही. मग कुठला फिका आहे ते विचार. बोर्डात दोष असेल तर तो आता उजवीकडे दिसायला हवा.

आणखी एक. ते डावीकडे धडकतात का? तिकडच्या वस्तू त्यांना सापडत नाहीत, असं होतं का? खरं खरं कळव. माझं चुकत असेल तर मला मनसोक्त हस.

तुझी बिटकी

७ जुलै

चि. बिटकीस आशीर्वाद.

हसायला काही उरलं नाही गं. हे चहाला आत आले तेव्हा मी बोर्ड फिरवला. परत जाऊन बसले, तर विचारल्यावर म्हणाले, डावीकडचाच. मला चेहरा लपवता येईना. यांनी बोर्ड हातात घेतला, खालचे स्क्रू वर आलेले बघितले. मग म्हणाले, बोर्ड चांगला आहे, देऊन टाक दवाखान्याला.

दाराच्या चौकटीला डावा खांदा रोज लागतो. ताटातली डावी बाजू तशीच उरते, आणि मी अन्न टाकता म्हणून बोलत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांना सगळं यांनीच क्रमाने सांगितलं. आकडा बदलला, ट्रान्झिस्टर बदलला, बोर्ड उलटा झाला, आता मी एकटाच तपासायचा राहिलोय, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, दोष मागे मेंदूत आहे. फोटो काढला, त्यात गाठ दिसली. ऑपरेशन लवकर करायचंय. साहेबांना काय सांगायचं ते सांग, पण तू ये.

आई

१९ सप्टेंबर

चि. बिटकीस अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर फार गप्प आहे. ओळी तिरक्या जातात, सांभाळून वाच.

काल डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. गाठ निघाली ती निघाली, पण डावीकडचं गेलं ते येणार नाही. तिथे अंधारही नाही, काहीच नाही. आधी फिकं का होईना, दिसत होतं. दुकान बंद करतोय. डाग देताना पुन्हा हात भाजायचा, आणि लोकांच्या वस्तू बिघडवण्यात अर्थ नाही. सामान काढताना वाईट वाटलं, तुझ्यापासून काय लपवायचं.

संध्याकाळी आम्ही चौकापर्यंत जातो. तुझी आई माझ्या डावीकडून चालते. मला ती दिसत नाही, पण हात धरलेला असतो, आणि बोलणं चालूच असतं, त्यामुळे हरवत नाही.

रजा मिळाली की ये. उजवीकडे बस, म्हणजे दिसशील.

तुझे बाबा