एकाच चिठ्ठीची सिस्टिम

१ मे, गुरुवार

हिला आणि मेहुणीला विमानात बसवून आलो. घर मोकळं. आता मी आणि काम.

कामाचा आढावा. मुलीचं लग्न २४ ला, ती राहते त्या देशात. तोवर इथलं, परदेशातलं भाड्याचं घर रिकामं करायचं, सामान बोटीने मायदेशी पाठवायचं, एका बॅगेनिशी मुलीकडे जायचं आणि लग्न झालं की दोघांनी कायमचं घरी. बस्स. उभा जन्म कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात घालवलेल्या माणसाला हे म्हणजे हातचा मळ. ही मात्र जाताना पुन्हा पुन्हा सांगत होती, साडूंना मदतीला बोलवा. साडू म्हणजे मेहुणीचा नवरा. याच शहरात राहतात. मी हसून विषय बदलला.

महत्त्वाचं: आईची जांभळी साडी. मुलगी लग्नात तीच नेसणार. लहानपणी आजीच्या मांडीवर ती याच साडीच्या पदराचं टोक चोखत झोपायची. ही ती साडी स्वतःच्या बॅगेत टाकत होती, मी काढून घेतली. म्हटलं, माझ्या आईची साडी आहे, मी जातीने घेऊन येईन. मुलीलाही फोनवर शब्द दिला. म्हणाली, बाबा, नक्की ना? 'नक्की ना' म्हणजे काय? बापाला विचारतात असं?

संकल्प: रोज एक खोली. रविवारपर्यंत घर चकाचक.

४ मे, रविवार

खोली अजून एकही झालेली नाही, पण विचार पूर्ण झाला आहे. विचार हेच निम्मं काम.

आज वायरींचा डबा घेतला. दिवसभर एकेक वायर एकेका वस्तूत घालून पाहिली. एकही कशातच बसली नाही. म्हणजे या वायरींच्या वस्तू हरवल्या आहेत, वायरी नव्हेत. वायरी ठेवल्या. वस्तू सापडल्या तर?

६ मे, मंगळवार

साडू न बोलावता आले. खिशात सुतळी आणि चिकटपट्टी. हा माणूस लग्नाला गेला तरी खिशात सुतळी असते. चहा पिता पिता घर पाहिलं आणि म्हणाले, खोक्यांना नंबर टाकू या, कुठल्या नंबरात काय ते एका कागदावर लिहू या. मी समजावलं की यादी ज्यांची स्मरणशक्ती गेली त्यांच्यासाठी असते. बरं, म्हणाले. साडूंचं 'बरं' मला आवडत नाही. पटलं की नाही ते कळत नाही.

जाताना माझा चष्मा शोधून दिला. तो डोक्यावर होता. मला माहीत होतं.

८ मे, गुरुवार

सिस्टिम सापडली! भाजी परतताना सुचली, त्यामुळे भाजी करपली. पण भाजी रोजचीच आहे.

सिस्टिम अशी: नंबर नाही, यादी नाही. एकच चिठ्ठी, एकच शब्द: 'ठेवायचे'. चिठ्ठी असेल ती वस्तू महत्त्वाची, बाकी सगळं टाकाऊ. संपला विषय. डिस्पॅचला असतो तर या कल्पनेवर बढती मिळाली असती. तिथेही कुणी ऐकलं नसतं म्हणा.

लगेच कामाला लागलो. लग्नाच्या सुटाला चिठ्ठी लावली, ठेवायचे. म्हणजे माझ्याजवळ. काचेच्या कपबश्यांना, ठेवायचे. म्हणजे बोटीच्या खोक्यात, नीट. घरमालकीणबाईंच्या इस्त्रीला आणि टेबलफॅनला, ठेवायचे. म्हणजे इथेच, त्यांच्यासाठी. काळ्या बुटांना, ठेवायचे. दुपारपर्यंत चिठ्ठ्यांचं एक पुडकं संपलं. घर कसं बोलायला लागलं आहे.

११ मे, रविवार

भाडेकरारात अट आहे की बैठकीचा पडदा धुऊन इस्त्री करून परत द्यायचा. घरमालकीणबाई फार बारीक नजरेच्या आहेत. काल पडदा लॉन्ड्रीत टाकला, आईची साडीही इस्त्रीला दिली. एका दगडात दोन पक्षी. आज दोन्ही आली, खाकी कागदाच्या सारख्या पुडक्यांत, वर दोरा. पडद्याचा रंगही जांभळाच आहे, पण आईच्या साडीची सर त्याला कुठली!

दोन्हींना चिठ्ठी लावली. ठेवायचे. ठेवायचे.

१३ मे, मंगळवार

हिचा फोन. विचारलं, सूट बॅगेत ठेवला का? मी म्हटलं, ठेवायचे अशी चिठ्ठी लावली आहे. मग म्हणाली, कुठे ठेवायचे ते लिहिलंय का?

मी सांगितलं की आवाज नीट येत नाही.

नंतर मुलगी बोलली. पदर कसा काढायचा याचा सराव ती दुसऱ्या साडीवर करते आहे. आजीची हातात आली की बघू, म्हणाली. फार उत्सुक आहे पोरगी. तिला म्हटलं, काही काळजी करू नकोस, मी आहे.

१५ मे, गुरुवार

परवा पॅकिंगवाले येणार. साडूंना फक्त घरात बसायला बोलावलं आहे, म्हणजे दार उघडं ठेवायला अडचण नको. देखरेख माझीच.

संकल्प: उद्या पहाटे उठून सगळं एकदा नजरेखालून घालणे.

१६ मे, शुक्रवार

नऊला उठलो. घातलं नाही. सिस्टिमवर विश्वास हवा.

१७ मे, शनिवार. दुपार

सलूनमधून लिहितो आहे. लग्नासाठी केस काळे करून घ्यायला आलो. पॅकिंगवाले दुपारी येणार होते, सकाळीच उगवले. साडूंचा फोन आला तेव्हा डोक्याला रंग फासलेला, अंगाला चादर गुंडाळलेली. उठणार कसा? पॅकिंगवाल्यांना मराठी येत नाही, तेव्हा साडूंना म्हटलं, चिठ्ठ्या वाचा आणि तसं त्यांना सांगा.

म्हणाले, सगळ्यांवर 'ठेवायचे' आहे. कुठे ठेवायचे?

मी म्हटलं, अहो, मराठी माणूस ना तुम्ही? वस्तू बघून कळत नाही का? पुन्हा फोन. दोन पुडकी आहेत, सारखीच. मी म्हटलं, एक इथे ठेवायचं, एक माझ्याजवळ ठेवायचं, त्यात काय एवढं? म्हणाले, उघडून बघू का? मी ओरडलो, घडी मोडेल! खबरदार हात लावलात तर!

बरं, म्हणाले.

न्हावी रंग धुवायला आला होता, माझं ओरडणं ऐकून परत गेला. त्यामुळे रंग जरा जास्त वेळ राहिला.

त्याच दिवशी संध्याकाळ

केस वांग्याच्या रंगाचे झाले आहेत. उन्हात कळतं. सावलीत राहावं.

पॅकिंगवाले काम झपाट्याने करतात. सूट गेला. काळे बूट गेले. वायरींचा डबा गेला. स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली, कालच्या कांद्याच्या सालींसकट, कागदात गुंडाळून, वर 'नाजूक' असा शिक्का मारून गेली. ती आता दीड महिना समुद्रप्रवास करणार. कपबश्या मात्र घरमालकीणबाईंच्या कपाटात ओळीने ठेवलेल्या आहेत.

यात सिस्टिमचा दोष नाही. सिस्टिम वाचणाऱ्याचा आहे. साडूंना तसं स्पष्ट सांगितलं. बरं, म्हणाले, आणि कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळायला बसले. त्या ते स्वतःच्या बॅगेतून आणणार आहेत. त्यांची बॅग मोठी आहे, मी काय करू?

सूट तिकडे विकत मिळेल. साडी सुखरूप हे मुख्य. दोन्ही पुडकी पलंगावर होती. साडूंनी हात लावला नव्हता. मीही उघडली नाहीत. डिस्पॅचवाल्याचा हात म्हणजे तराजू. उचलून पाहिली, एकाचा कोपरा जरा फाटला होता, आतून जांभळा दिसला. जड तेच आईचं. आईच्या वस्तू भक्कमच असायच्या. ते पुडकं हातातल्या पिशवीत घातलं, दुसरं घरमालकीणबाईंसाठी ठेवलं.

१९ मे, सोमवार

निघालो. घराच्या किल्ल्या उद्या साडू देणार. ते २३ ला लग्नासाठी तिकडे येतील. विमानतळावर पोचवायला आले होते. माझ्या पायांत रबरी सपाता, अंगावर घरातला सदरा, केस वांगी. साडूंनी पायांकडे पाहिलं, पण काही बोलले नाहीत. तेवढा समंजसपणा आहे त्यांच्यात.

पुडकं वरच्या कप्प्यात टाकायला हवाईसुंदरीने मागितलं. दिलं नाही. मांडीवर घेऊन बसलो आहे. शेजारच्याला सांगितलं, माझ्या आईची साडी आहे, मुलगी लग्नात नेसणार. त्याने कुतूहलाने ऐकलं, मग झोपला. मला झोप आली नाही. आई आठवत राहिली. आज असती तर ही पोर तिला किती मोठी वाटली असती.

२० मे, मंगळवार

पोचलो. मुलगी पळत आली, गळ्यात पडली. मग मागे सरून माझे केस पाहिले आणि पुन्हा गळ्यात पडली. होणारा जावई उंच आहे, वाकून बोलतो. हिने सपाता पाहिल्या आणि डोळे मिटून घेतले.

पुडकं अजून कुणाला दिलेलं नाही. उद्या जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर मुलीच्या हातात देणार. अशा गोष्टी रीतसर व्हायला हव्यात.

२१ मे, बुधवार

पडदा.

त्याच दिवशी, उशिरा

मुलीने दोरा सोडला, कागद उलगडला. पडदा निघाला. वर कड्या अडकवायच्या भोकांची रांग. जावई वाकून म्हणाला, छान आहे. त्याला वाटलं भेटवस्तू आहे.

मुलीने पडद्याची पुन्हा नीट घडी घातली, माझ्या शेजारी ठेवली आणि आत गेली. बोलली असती, चिडली असती तर बरं झालं असतं. ही भांडी आवरायला लागली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, तुम्ही बसा. शब्द दिला होता मी पोरीला. कुणाला दोष द्यावा तेही सुचत नाही. लॉन्ड्रीवाल्याने दोन्ही पुडकी सारखी बांधायला नको होती, एवढं मात्र खरं.

२२ मे, गुरुवार

सकाळीच साडूंना फोन केला. नीट सांगता आलं नाही. ते म्हणाले, कळलं.

मंगळवारी साडू किल्ल्या देऊन गेल्यावर घरमालकीणबाईंनी पुडकं उघडलं होतं. भाडेकरू जाताना नवा पडदा देऊन गेला अशी त्यांची समजूत झाली. काल साडू रस्त्याने जात होते, वर पाहतात तर बैठकीच्या खिडकीत आईची साडी! काठ खाली, पदर वाऱ्यावर. लगेच जिना चढून गेले. बाई सोडायला तयार नाहीत. म्हणाल्या, तो गृहस्थ तिरसट होता, पण त्याची आवड चांगली आहे. हा खाली उतरवला तर माझी खिडकी उघडी पडेल. साडूंनी घरी जाऊन स्वतःच्या बैठकीचा पडदा काढला, तो बाईंच्या खिडकीला लावून दिला आणि साडी सोडवून आणली. आता साडूंच्या घरात रस्त्यावरून सगळं दिसतं.

मला म्हणाले, साडी तर हाती आली होती, फोन करून कशाला घोर लावायचा? तुम्ही पुडकं उघडलं की तुमचाच फोन येईल, म्हणून काल केला नाही.

मला फक्त 'बरं' म्हणता आलं.

२३ मे, शुक्रवार

साडू आले. आधी हात धुतले, मग बॅग उघडून साडी मुलीच्या हातात दिली. पुन्हा इस्त्री केलेली, वर सुतळी. मुलीने ती नाकाशी धरली आणि रडायलाच लागली. हीही रडली. मी खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिलो.

मग साडूंनी कपबश्या काढल्या. एकही फुटलेली नाही. नंतर एक कोट काढला. म्हणाले, दोन आणले, कुणाला लागला तर. कुणाला ते सांगितलं नाही. बाह्या माझ्या बोटांपर्यंत येतात. बूट जावयाचे, पुढे कापूस कोंबला.

हिला त्यांच्याशी बोलताना ऐकलं: तुम्हाला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालंय बघा.

म्हणजे 'ठेवू' म्हटलं की कुठे ते सांगावं लागत नाही. माझा मुद्दा तोच होता.

२४ मे, शनिवार

लग्न झालं. नोंदणी कचेरीत दोघांनी सह्या केल्या आणि मुलीने मला वाकून नमस्कार केला. आईचा पदर माझ्या हातावरून गेला. मी आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं, शब्दच फुटेना. ती म्हणाली, बाबा, कळलं.

नंतर हॉटेलात जेवण होतं. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मुलीच्या मैत्रिणी, फोटोग्राफर, सासरची माणसं, अगदी वाढपीसुद्धा. आपल्या लोकांनी काहीतरी सांगितलं की बाकीचे हसायचे. कोट मला शोभतो आहे असं वाटलं. म्हणून मी जास्तच हिंडलो. दोनदा तर ओळख नसलेल्या टेबलांपर्यंत जाऊन आलो.

आत्ता खोलीवर साडूंना परत करायला कोट काढला. पाठीवर टाचणीने एक चिठ्ठी लावलेली. अक्षर हिचं. एकच शब्द: 'ठेवायचे'.

हिला विचारलं, कोणत्या अर्थाने?

केसांतल्या पिना काढत म्हणाली, अजून ठरवायचंय.

घरमालकीणबाईंचा पडदा मी पोस्टाने रवाना करतो म्हटलं. तो साडू नेणार आहेत, असं सगळ्यांचं आधीच ठरलेलं आहे. कोटही त्यांनी नेला. चिठ्ठी तेवढी काढून घेतली. या पानात ठेवली आहे. माझ्याजवळ ठेवायची, या अर्थाने.