मदरची खुर्ची

३ मार्च, मंगळवार

झालं! टेलिफोनवालीच्या नावापुढे आज फुली पडली.

दुपारी ती सरळ जाऊन दुसऱ्या टेबलावर बसली. तिची जागा चौथ्या टेबलाची, माझ्या डाव्या हाताची, गेली सहा वर्षं. कर्नलनी ताबडतोब खिशातून खुर्चीवही काढली. हे कर्नल निवासी समितीचे चिटणीस. सैन्यात नव्हते, पोस्टात होते. चालतात मात्र तसे. "एक!" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून त्यांनी फुली मारली आणि पाव मोडायला घेतला. घास उतरतो तरी कसा या माणसाच्या घशाखाली!

या आश्रमाचा नियमच तो. आपली खुर्ची आपली आपल्याला सापडते तोवर पुढच्या इमारतीत राहायचं. महिन्यात तीनदा चुकली की मागच्या इमारतीत. तिथे खिडक्या आहेत, पण छताजवळ. तिकडे गेलेलं माणूस पुन्हा पुढे जेवायला येत नाही. येतं ते एकदम चॅपलमध्ये, आडवं.

नियम म्हणे संस्थापिका मदरनी घालून दिला. मदर जाऊन सत्तर वर्षं झाली. खिडकीजवळची त्यांची खुर्ची रिकामी असते आणि पहिलं गरम सूप रोज त्यांना वाढलं जातं. आमच्यापर्यंत येईतो साय धरते.

४ मार्च

माझं पेन कुणीतरी उचललं. साठ माणसांत एक चोर निघणारच. पेन्सिलीने लिहिते आहे.

७ मार्च

मोठ्या सिस्टरांनी बोलावलं. आश्रमाला पंचाहत्तर वर्षं होतात, इतिहासाची पुस्तिका काढायची आहे. "तुमचं अक्षर फार सुरेख. तुम्हीच लिहा."

अक्षर सुरेख असणारच! कॉन्व्हेंटात बोटांवर पट्टी खाऊन कमावलं आणि पुढे छत्तीस वर्षं नकाशा कार्यालयात तेच विकलं. सिस्टरांपुढे कधी मान हलवायची आणि कधी नाही, हे मी सहाव्या वर्षीच शिकले. मान हलवली. म्हटलं, मला जुनी कोठी उघडून द्या, सगळे कागद बघणार.

"कागद कशाला? जुन्या पुस्तिका आहेत की," त्या म्हणाल्या.

म्हणजे उतरून काढ. मी नाही उतरून काढत.

९ मार्च

जुन्या पुस्तिका वाचल्या. पंचवीस वर्षांच्या पुस्तिकेत मदर दोन पेट्या आणि एक छत्री घेऊन येतात. पन्नास वर्षांच्या पुस्तिकेत पेट्या गेल्या, छत्री गेली, वादळ आलं, आणि मदरच्या कडेवर एक कोकरू! या कोकराला दूध कोण पाजत होतं देव जाणे.

आणि मदर अजून निवासी आहेत, कागदोपत्री. त्यांचं नाव कुणी काढलंच नाही. दरवर्षी त्यांचा आरोग्यतपासणीचा फॉर्म भरतात. 'तक्रार नाही.' सहलीच्या गाडीत त्यांची जागा धरून ठेवतात आणि मी उभी! निवासी समितीत आम्हा बारा जणांची बारा मतं, तेरावं मदरचं. ते मोठ्या सिस्टर टाकतात.

११ मार्च

टेलिफोनवालीला जेवणघराचा नकाशा काढून दिला. प्रमाणात. दार, खिडकी, आठ टेबलं, तिची खुर्ची लाल, शेजारी माझी निळी. तीस वर्षं तिने एक्सचेंजमध्ये लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. अजून नंबर पाठ आहेत, अग्निशमन चौदा, न्यायालय सत्तावीस. फक्त खुर्ची सापडत नाही.

नकाशा तिने उलटसुलट करून पाहिला. "अगं, हा वाचायला चष्मा लागेल. आणि चष्मा शोधायला दुसरा नकाशा."

"थट्टा सुचते तुला! मागे गेलीस म्हणजे?"

"मागे गेले तर तू भांडायला येशील. तेवढीच करमणूक." नकाशा घडी करून तिने माझ्याच झग्याच्या खिशात घातला. "तूच ठेव बाई. तुला कामाचा."

राहू दिला खिशात.

१४ मार्च

आज कळस झाला. ती मदरच्या खुर्चीवर बसली!

नुसती बसली नाही. मदरचं सूप प्यायली. वाडगा पावाने पुसून घेतला आणि वाढणाऱ्या सिस्टरला म्हणाली, "आज मीठ बरोबर पडलंय." चमचे थांबले. कुणीतरी क्रुसाची खूण केली. सत्तर वर्षांत तो वाडगा पहिल्यांदा रिकामा परत गेला. स्वयंपाकघरातून दोघी जणी बघायला बाहेर आल्या.

संध्याकाळी समिती. प्रश्न असा: खुर्ची चुकली ही एक फुली. पण मदरचं सूप प्यायली, त्याची वेगळी फुली धरायची का? धरली तर तीन भरतात आणि तिची पेटी उद्याच मागे. कर्नल म्हणाले, "दोन गुन्हे, दोन फुल्या. सरळ हिशोब." मी म्हटलं, "पोस्टात एका पाकिटावर दोनदा शिक्के मारत होता वाटतं?" मग आवाज चढले. मतं घेतली. सहा-सहा.

राहिलं मदरचं मत. मोठ्या सिस्टरांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "मदरना विचार करायला थोडा वेळ हवा." तेवीस तारखेपर्यंत!

मेलेल्या बाईला नऊ दिवसांची मुदत. आणि टेलिफोनवाली माझ्या कानात विचारते, "कुणाबद्दल चाललंय गं हे?"

१५ मार्च, रविवार

भाची आली होती. तिला सगळं सांगितलं, अगदी कोकरापासून. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, कोकराचं मघाशीच सांगितलंस." मग सांगितलं असेल! चांगली गोष्ट दोनदा ऐकायला काय जातं? आजकालच्या मुलांना दम नाही.

निघताना माझ्या अंबाड्यातून पेन काढून हातात दिलं. "हे कधीपासून इथे आहे?"

कुणीतरी खोचलं असणार. इथली माणसं कुठल्या थराला जातील सांगता येत नाही.

१९ मार्च

कोठीत तिसरा दिवस. मेणबत्त्यांच्या खोक्याखाली स्वयंपाकघराची जुनी वही सापडली. पहिल्या स्वयंपाकीण सिस्टरने लिहिलेली. बटाटे किती उकडले, कोण आजारी, कुणाला पेज. पाचव्या वर्षाचं पान इथे जसंच्या तसं उतरून ठेवते:

'आज मदरना त्यांची जागा सापडली नाही. सगळ्या टेबलांना फिरल्या. कुणी बोललं नाही. शेवटी खिडकीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, ही खुर्ची कायम मोकळी ठेवा. जिला आपली सापडणार नाही, तिने इथे बसावं. आणि तिला पहिलं वाढा, ती फिरून दमलेली असते.'

खाली दुसऱ्या शाईत: 'आता मदर रोज तिथेच बसतात.'

मेणबत्त्यांच्या खोक्यावर बसून बाकीची वही चाळली. फुल्या कुठेच नाहीत. मागची इमारतही नाही. तिथे तेव्हा कोंबड्या होत्या.

म्हणजे ती खुर्ची मदरची नव्हतीच! सत्तर वर्षं आम्ही बाईची पूजा करत राहिलो आणि तिने सांगितलेलं तेवढं सोडून सगळं केलं.

२१ मार्च

मोठ्या सिस्टरांना वही दाखवली. दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "छापील पुस्तिकेत असं नाही."

"छापील पुस्तिकेत कोकरूही आहे, सिस्टर."

"लोकांची श्रद्धा असते."

"असू दे की. ह्या वहीवर ठेवा म्हणावं."

त्यांनी वही मिटली. "मदरना विसर पडत होता, हे पुस्तिकेत लिहायचं?"

"मी लिहिणार. सुरेख अक्षरात."

वही ठेवून घेऊ का म्हणाल्या. मी मान हलवली नाही.

२३ मार्च

समिती. मी उभी राहून पान वाचलं. सावकाश, शाळेत धडा वाचत असू तसं. 'ती फिरून दमलेली असते' इथे आवाज जरा बसला. सर्दी आहे.

कर्नल म्हणाले, "पण नियम..."

"हा नियम! तुमच्या हातातली ती वही कुणी सुरू केली?"

त्यांनी वही उलटीपालटी केली. पहिल्या पानावर त्यांच्याआधीच्या चिटणीसाचं नाव. तोही पोस्टातलाच.

पुन्हा मतं. पुन्हा सहा-सहा! माणसं म्हणजे दगड. सगळे मोठ्या सिस्टरांकडे वळले. त्यांनी डोळे मिटले नाहीत. "मदरचं मत आत्ताच वाचून दाखवलं ना," म्हणाल्या, आणि हात वर केला. फुल्या रद्द. सगळ्यांच्याच. खुर्ची ज्याला लागेल त्याची, सूप पहिलं तिथे. कर्नलनी खुर्चीवही खिशात घातली, काढली, पुन्हा घातली. हाताला दुसरं काम नाही बिचाऱ्याच्या.

जिंकले! कोकरासकट सगळ्यांना पुरून उरले.

२४ मार्च

आणि आज टेलिफोनवाली दारातून आली ती तडक चौथ्या टेबलाला, आपल्या खुर्चीवर! एवढं सगळं करून! म्हटलं, तिकडे बस की, तुझ्यासाठी भांडले. म्हणाली, "मला का उगाच? माझी आहे की ही." सूप खिडकीजवळ एकटंच वाफाळत राहिलं. कपाळावर हात मारून घेतला.

बहुधा २७ मार्च

जेवायला गेले तर माझ्या खुर्चीवर कंपाउंडरबाई! उठा म्हटलं. उठेनात. चांगलंच सुनावलं. कर्नल आले. हातात वही नव्हती. हळूच म्हणाले, "बाई, हे पहिलं टेबल आहे. त्यांचंच."

खिशात नकाशा सापडला. आठ टेबलं, दार, खिडकी, एक खुर्ची लाल, एक निळी. अक्षर माझं. कुठली बाजू वर धरायची ते कळेना. सगळी टेबलं फिरले.

टेलिफोनवालीने येऊन माझा हात धरला. "तुझी लाइन बिझी आहे गं. थांब, दुसरीकडे जोडून देते."

खिडकीजवळ बसले. सूप गरम होतं.