ताटाएवढी जागा

सोमवार, २१ सप्टेंबर २००९

दुखतंय. उजवीकडं, कमरेच्या खाली, पार मांडीपर्यंत. झालं लिहून!

गारखेड्याच्या दवाखान्यातली व्यायामवाली कालिंदी म्याडम म्हणाली, रोज लिहा. काय काम केलं, कधी दुखलं, किती दुखलं. मी म्हणलं, बाई, चौथी शिकलेली मी, मला कागद कामून देता, गोळी द्या. तर म्हणाली, "गोळीनं दुखणं झाकतं. मला ते कुठून येतंय ते बघायचंय."

लेकीची जुनी गणिताची वही काढली. मागची पानं कोरी होती.

कामावर, बियाण्याच्या शेडवर, कुणाला सांगितलं नाय. सांगणार बी नाय. शेडवाल्या काकासाहेबाला कळलं तर मला घरी बसवील. जाऊ सरूसारखं.

मंगळवार, २२ सप्टेंबर

सकाळी लाईट नव्हती. चार तास बसून. दुखलं नाय. लाईट आली, गव्हाची चाळणी सुरू, पळापळ. दुखलं.

यात लिहिण्यासारखं काय आहे? काम केलं की दुखतं. हे कळायला म्याडम कशाला पायजे!

गुरुवार, २४ सप्टेंबर

काल लिहिलं नाय. कंटाळा. आज म्याडमचा फोन — "द्वारकाबाई, नुसतं दुखलं-दुखलं नको. काम कसं करता ते लिहा." बरं. एकदाच लिहिते.

जाधववाडीच्या पलीकडं काकासाहेबाची बियाण्याची शेड. गहू चाळणीतून निघतो. कडूबा काट्यावर कट्टा तोलतो, वीस किलोचा. आवडाबाई मशीनवर कट्ट्याचं तोंड शिवते. शिवलेला कट्टा माझ्या डाव्या हाताला येतो. तो उचलायचा, आणि उजवीकडं मागं थप्पी लावायची. एकावर एक, डोक्याइतकी. दिवसाला तीनशे कट्टे. ट्रक उभा असला तर चारशे.

हे थप्पीचं काम आधी सरूचं होतं. सरू माझी धाकटी जाऊ. फुलंब्रीला राहते, रोज यष्टीनं यायची. आणि त्याच्याही आधी ते माझंच होतं! नऊ वर्षांमागं माझं पोटाचं ऑपरेशन झालं, गर्भपिशवी काढली. दोन महिन्यांनी कामावर आले तर बाई माझ्या जागेवर उभी! कडूबा म्हणाला, "सरूबाईला खिडकीजवळ पायजे म्हणं. वाऱ्याला." मला बसवलं खाली, कट्ट्याचं तोंड धरायला. मी काय बोलले नाय. विसरले बी नाय.

जुलैत एक दिवस सरू थप्पीपाशी खाली बसली ती उठेचना. बन्सी, तिचा नवरा, जीप घेऊन आला न् उचलून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी काकासाहेबानं मला विचारलं, "तुम्ही घरच्या. खरं सांगा, कामातच लागलं का तिला?" मी म्हणलं, "वीस किलोनं कुणाची कंबर जाती व्हय? एवढं तर लेकरू असतंय. आळस हाय."

तो म्हणाला, ठीक. दिवाळीपर्यंत जागा ठेवतो, मग दुसरी बाई बघतो.

माझी जागा मला परत मिळाली. आणि आता माझी बी कंबर! तिचीच दृष्ट लागली, दुसरं काय.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

लई उकडत होतं. म्हणलं बाईसाहेबांचं वारं आपण बी खावं. खिडकी कायम थप्पीमागं झाकलेली, आज पहिल्यांदा हात घातला, तर आतून पत्रा ठोकलेला! खिळे गंजून गेले. वरून चुना बी मारलेला.

मंग कसलं वारं खात होती ही? लबाड.

दुखलं. कालच्यापेक्षा जास्त. झोपून दुखतं, बसून दुखतं. उभं राहिलं तर जरा बरं, मग उभीच राहते. जेवण बी उभ्यानं केलं. मालक म्हणले — आमचे रामकिसनराव — "बुफे हाय का घरात?"

शनिवार, २६ सप्टेंबर

आज शेडवर कोण यावं? कालिंदी म्याडम! ज्या कंपनीचं बियाणं आहे त्यांनी पाठवलं म्हणं, ओझं कसं उचलायचं ते शिकवायला. मी थप्पीच्या आड सरकले. पण तिनं मला ओळख दाखवली नाय. शहाणी आहे.

आम्हा सगळ्यांना गोल उभं केलं. गुडघ्यात वाका, पाठ ताठ, कट्टा पोटाशी घट्ट धरा. आवडाबाई म्हणाली, "पोटाशी धरू धरू तर चार लेकरं झाली म्याडम!" फिदीफिदी. म्याडम बी हसली. मग म्हणाली, "आता सगळ्यात महत्त्वाचं. ओझं हातात असताना कमरेतून पिळायचं नाही. पाय उचला, पाय वळवा, जिकडं कट्टा ठेवायचा तिकडं बोटं करा. वीस किलोसुद्धा पिळून ठेवला तर मणक्याला झेपत नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. चाळणी सुरू झाली. म्याडम कोपऱ्यात उभी राहून बघत होती. एकीनं पाय हलवला नाय! मी बी नाय. पाय तिथंच, कंबर गरकन मागं.

"अहो, आत्ताच सांगितलं ना! पाय का नाही उचलत?"

आवडाबाई म्हणाली, "सवय न्हाई म्याडम." मला तिचा राग आला. मला माझा बी आला, कारण मला बी उत्तर येत नव्हतं. शिकलेली बाई इतकं सांगती, माणसानं एक पाय उचलू नये?

ती गेली. काकासाहेब म्हणाला, "झालं शिक्षण. चला, ट्रक उभा हाय."

मंगळवार, २९ सप्टेंबर

काल दसरा. शेडमध्ये पूजा झाली. परवाच सगळी शेड झाडून पाण्यानं धुतली होती. चाळणीला झेंडूचा हार, काट्याला हार, आवडाबाईच्या शिलाई मशीनला बी. कडूबानं सगळ्यांना सोनं दिलं. सरूला द्यायला कोण जाणार? मी नाय गेले.

आज काम. सकाळपासून दुपारपर्यंत दीडशे कट्टे लावले — दुखलं नाय! म्हणलं दोन दिवस आराम झाला म्हणून. तीन वाजता पुन्हा सुरू. तीच कळ, तिथंच.

आराम तर सकाळी जेवढा होता तेवढाच दुपारी होता. मग?

बुधवार, ३० सप्टेंबर

दुखलं. सकाळपासूनच. आज पूजा नव्हती!

गुरुवार, १ ऑक्टोबर

कळलं. मला कळलं!

वही पहिल्यापासून वाचून काढली. धुतलेल्या शेडमध्ये दुखलं नाय. मग काय बदललं? जमीन बदलली. कडूबा काट्यावरून कट्टा उचलतो, तोंड अजून उघडं, मूठभर गहू सांडतोच. दुपारपर्यंत आमच्या पायाभोवती गव्हाचा सडा. झाडतात आठ-पंधरा दिवसांनी एकदा. चपला तर आम्ही दारातच काढतो, बियाणं आहे म्हणून. मग सकाळीच प्रत्येक बाई हातानं दाणे बाजूला सारून उभं राहण्यापुरती जागा करते. ताटाएवढी. आणि दिवसभर तिच्यातून पाय बाहेर काढत नाय.

कामून? गव्हाला पाय लागंल म्हणून!

खरं का खोटं बघायला आज मुद्दाम पाय उचलला. म्हणलं ठेवते दाण्यांवर, काय होतंय. नाय ठेवता आला. पाय तसाच अधांतरी. माझी माय खळ्यावर माझ्या पायाला ज्वारीचा दाणा लागला तर तो उचलून कपाळाला लावायला लावायची. पन्नाशी आली माझी — पाय अजून मायचंच ऐकतो.

आवडाबाईला विचारलं, तू गव्हावर पाय देशील का? ती दचकली. "काय बोलता! लक्ष्मी हाय ती." मग म्याडमला का नाय सांगितलं? "तिनं कुठं विचारलं लक्ष्मीचं? तिनं पायाचं विचारलं."

थप्पीवाली सगळ्यात जास्त पिळते. ती जागा सरूची होती. नऊ वर्षं.

आणि मी म्हणलं, आळस हाय.

शनिवार, ३ ऑक्टोबर

काल न् आज स्वतः झाडलं. दर पन्नास कट्ट्यांनी चाळणी थांबवायची, केरसुणी मारायची, मग पुढं. पाय मोकळे! बोटं थप्पीकडं करून कट्टा ठेवला. म्याडमनं सांगितलं तसं. कळ आली, पण अर्धी.

कडूबा म्हणाला, "द्वारकाबाई, लेकीचं लगीन काढलं का? सारखं झाडझूड." मी म्हणलं, "तू सांडणं बंद कर, मी झाडणं बंद करते." तोंड पाडलं त्यानं.

दुपारी काकासाहेब आला. "झाडायला वेळ घालवता, ट्रक काय तुमचा बाप भरील?" पुढच्या खेपेला चाळणी थांबवायची नाय म्हणाला.

सोमवारी जाऊन बोलायचं. काय बोलायचं ते माहीत आहे. तोंडातून निघंल का ते माहीत नाय.

रविवार, ४ ऑक्टोबर

नुसती येरझारा. धुणं दोनदा धुतलं. मालक म्हणले, "बस की जरा." मी म्हणलं, तुम्हीच बसा!

सोमवार, ५ ऑक्टोबर

बोलले.

आधी सांडण्याचं सांगितलं. मग लक्ष्मीचं सांगितलं. काकासाहेब शेतकऱ्याचाच पोरगा, हसला नाय. खाली जमिनीकडं बघितलं, मग स्वतःच्या पायाकडं. तो बी दाणे टाळून उभा होता! त्याला बी माहीत नव्हतं.

मग म्हणलं, "सरूचं मी चुकीचं सांगितलं. आळस नव्हता. तिची कंबर तुमच्या थप्पीनं गेली. माझी बी चाललीय." वही समोर ठेवली.

त्यानं दोन-तीन पानं वाचली. माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या. "दोन महिने गप्प कामून बसला होता?"

"तुम्ही मला घरी बसवाल म्हणून."

"न् जावेला बसवलं तवा?"

मला बोलता येतं म्हणून गावभर नाव आहे माझं. वही ओढून पदराखाली घेतली.

शेवटी म्हणाला, काट्याखाली ताडपत्री टाकू, सांडलेलं तिच्यातच राहील. पन्नास कट्ट्यांनी झाडायचं. थप्पी मागं नको, समोर आणू. आणि सरूबाईला दिवाळीनंतर येऊ द्या, बसून शिवायचं काम देऊ. म्हणजे तिची जागा राहिली! मला म्हणाला, आठ दिवस घरी थांबा. मी म्हणलं, थांबणार नाय, बसून तोंडं धरते कट्ट्यांची. "तुमच्याशी कोण बोलंल!" म्हणाला न् गेला.

म्याडमला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी चार शेडवर हेच शिकवून आले, द्वारकाबाई. कुठंच कुणी पाय उचलला नाही. मला वाटलं, बायका ऐकत नाहीत." मी म्हणलं, आता आधी जमीन बघा, मग बायांना बोला.

बुधवार, ७ ऑक्टोबर

बन्सीच्या मोबाईलवर फोन केला. म्हणलं, सरूला दे. "वहिनी, ती झोपलीय." दुपारी चार वाजता! मागून भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हणलं, झोपेत भांडी घासते का ती?

दिवाळीनंतर कामावर ये म्हणून निरोप ठेवला. मी काकासाहेबाला काय बोलले होते, ते तिला जुलैतच कळलं असणार. शेड केवढी, त्यात तोंडं किती!

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

फोन केला. उचलला नाय. आज दुखलं नाय. मंग झोप कामून नाय?

शनिवार, १० ऑक्टोबर

आज कडूबा ताडपत्री झटकत होता. सहज म्हणलं, ही खिडकी कधी बंद केली रे?

"शेड बांधली तवाच. पलीकडं गटार हाय."

"मग सरू वाऱ्याला म्हणून इथं—"

त्यानं ताडपत्री खाली ठेवली. "द्वारकाबाई, तुम्हाला अजून माहीत न्हाई? तुमच्या ऑपरेशनच्या साली सरूबाई माझ्याकडं आली. म्हणली, आक्काच्या पोटाला टाके हायती, तिला थप्पीवर वळायला लावू नका, तिथं मी उभी राहते. पण तिला सांगू नका, ती भांडंल. वाऱ्याला गेली म्हणा."

फुलंब्रीची पहिली गाडी साडेपाचला आहे. तिनं दार उघडलं नाय तर दारात उभी राहीन.