भाकरी एक, साड्या दोन

२२ जानेवारी
कॅमेरा वर्गातल्या कल्याणकडे! धर्मराज सरांनी कुणाला विचारलंही नाही. "चतुर्थीला राजूरच्या गणपतीची गर्दी घ्यायची. मुलींनी आवाज सांभाळा." इलेक्ट्रॉनिक्सची पदविका करून या व्हिडिओच्या कोर्सला आले, ती माईक धरायला नाही. तसं म्हटलं. सर म्हणाले, "मग करून दाखवा. एक साधं काम, सगळे शॉट. वाईड, मिड, क्लोज-अप. ज्या गटाचं बराबर जुळेल, राजूरला कॅमेरा त्यांचा."
माझ्या गटात अंबरीन. ती एडिटिंग करणार, मी शूट.

२४ जानेवारी, केदारखेडा
विषय — आईची भाकरी. आई हिरवी काठापदराची नेसून चुलीपाशी ताठ उभी, आहेराच्या फोटोला राहतात तशी!
"आई, माझ्याकडे बघू नकोस."
"मंग कोणाकडं बघू? शूटिंग तूच करून राह्यलीस ना?"
तवा धुरकटला तेव्हा कुठे कॅमेरा विसरली. वाईड छान आला. मिड शॉट, म्हणजे कमरेपर्यंतचा, दाखवला तर — "पाय कुठंयत माझे?"
आमच्याकडे फोटो म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत.
"अर्धं माणूस पुढाऱ्याचं काढतेत, बॅनरवर. मला पुरी काढ!"
तोवर दारातला उजेड गेला. क्लोज-अप उद्या.

२५ जानेवारी
क्लोज-अप झाले. फोकस अचूक.

२७ जानेवारी
वर्गात दाखवलं. वाईडमध्ये आई हिरव्या साडीत पीठ मळते, पुढच्याच शॉटला लाल साडीत भाकरी थापते. माझी नजर फोकसवर होती, साडीवर नव्हती.
कल्याण ओरडला, "भाकरी एक, साड्या दोन! सासू-सून हायत का?"
वर्ग हसला. मी नाही.
सर म्हणाले, "कॅमेरा पुन्हा मिळणार नाही. आहे त्यातून शुक्रवारपर्यंत जोडा."
घरी आईला विचारलं. "आदल्या दिवशीचीच साडी? शूटिंगात? लोकं काय म्हणतील!"

२९ जानेवारी
सगळं फोर-केमध्ये घेतलं होतं. म्हणजे चौकट कापून आणखी जवळ जाता येतं, चित्र फुटत नाही. हात मनगटापर्यंतच ठेवले — पीठ, बोटं, बांगड्या. बांगड्या दोन्ही दिवस त्याच, नशीब! चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत.
"और थोडा," अंबरीन म्हणाली. "बस! साडी गायब!"
उरला नुसता चेहरा. गालाला पीठ, चूल फुंकताना बारीक झालेले डोळे. एवढ्या जवळून आईकडे मी कधी पाहिलं नव्हतं.

३० जानेवारी
कुणी हसलं नाही. सरांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. "वाईड नाही, तरी जुळलं. इतकं जवळ जायला हिंमत लागते," म्हणाले.
हिंमत नव्हे, साडी!
कॅमेऱ्याची बॅग कल्याणनेच आणून दिली. "घे बाई. गर्दीत ढकलतेत, सांभाळ."
"तू माईक सांभाळ," म्हटलं.
जिंकले!

१ फेब्रुवारी
आईला दाखवलं. बराच वेळ पाहत राहिली. "पाय न्हाईतच की." फोन खाली ठेवला, म्हशीकडे गेली. बस्स.

५ फेब्रुवारी, राजूर
चतुर्थी. पायऱ्यांवरून वाईड, रांगेचा मिड, नारळ फोडणाऱ्या हातांचा क्लोज-अप — सगळं मिळालं! दोनदा ढकलली गेले, फ्रेम हलली नाही. दर्शनाला आलेली आई मागे कुठेतरी होती.
रात्री तिने तिचा फोन पुढे केला. त्यावर माझा फोटो, माझ्या नकळत काढलेला. त्यात देऊळ नाही, गर्दी नाही, कॅमेरासुद्धा नाही. एक कान चौकटीबाहेर गेलेला. आणि मी हसतेय — सगळे दात दिसताहेत! अशी मी हसते?
"पाय कुठंयत?" मी विचारलं.
"पायाचं काय करतीस? तोंड बघ की तुझं!"