पुराणवीरांची प्रारूप ज्येष्ठता यादी

१५ जून २०२५, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून कथा. गुरुलिंग सरांचा फोन आला होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते दर वर्षी दिवाळी अंक काढतात. यंदा माझ्याकडून कथा हवीय. मुदत ३१ ऑगस्ट. एवढे दिवस मला लागणार नाहीत, पण बोललो नाही. उगाच बाकीच्या लेखकांना कॉम्प्लेक्स नको.

विषय आंघोळ करताना सुचला. देशोदेशीच्या पुराणांतले वीर एकाच कथेत. आपला भीम, ग्रीकांचा हर्क्युलिस, इराणचा रुस्तम, बर्फाच्या मुलखातला हातोडेवाला थॉर आणि इराककडचा गिल्गामेश. हे आजवर कुणाला सुचलं कसं नाही? रोज पहाटे पाच ते सात लेखन.

१६ जून
पहाट झाली नाही. गजर वाजला होता, असं दाक्षायणी म्हणते.

१९ जून
दाक्षायणीला विषय सांगितला. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं आणि जुनं उकरून काढलं. एकोणीस वर्षांपूर्वी अक्कलकोटला तिला पाहायला गेलो होतो. छंद काय, असं तिच्या काकांनी विचारलं. मी म्हणालो, कथा लिहितो. कॉलेजच्या अंकात एक आली होती, म्हणजे खोटं काही नव्हतं. तेवढ्यावर हिनं लातूरच्या इंजिनिअरला नकार कळवला. तेव्हापासून ‘आमचे हे लेखक आहेत’ असं सगळीकडे सांगते. लोक विचारतात, कुठं छापून आलंय? यंदा अंकात नाव आलं नाही तर आपण हे सांगणं बंद करणार, म्हणाली. भांडून म्हणाली असती तर सोडून दिलं असतं. ती मेथी निवडता निवडता म्हणाली.

आता लिहायलाच हवं. उद्यापासून.

२२ जून, रविवार
सहा वह्या आणल्या. पेनं पाच रंगांची हवी होती. प्रत्येक वीराला एक रंग. भीम लाल, हर्क्युलिस हिरवा. निळं पेन दुकानात संपलं होतं, त्यामुळे थॉर अडकला. थॉर अडकला म्हणजे पुढचं सगळंच अडकलं.

५ जुलै
मोठी प्रगती. हे पाच जण भेटणार कुठं, ते ठरलं. टेंभुर्णीचा चौक. हायवे आहे, चारी दिशांनी रस्ते येतात, चहा बरा मिळतो. फक्त हर्क्युलिस सिंहाचं कातडं पांघरून हिंडतो. आपल्या उन्हात तो पहिल्या पानावरच चक्कर येऊन पडेल. म्हणून कथा डिसेंबरात घडणार. एका दिवसात स्थळ आणि काळ, दोन्ही पक्के. आता फक्त मजकूर राहिला.

१३ जुलै, रविवार
थॉरवरून घरात वाद. हा गृहस्थ आपल्या रथाचे बोकड कापून खातो आणि सकाळी हातोडा फिरवून परत उठवतो. आपल्या घरात बसून असलं काही लिहायचं न्हाई, असं दाक्षायणीनं बजावलं. परत जिवंत होतात की, म्हणालो. तरीही नाही. थॉरला शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली. त्याला कशी चालते ते बघू.

त्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. पहिल्या वाक्यात पहिलं नाव कुणाचं? दाक्षायणी म्हणते, भीम सोडून दुसरं कुणाचं असणार. ऑफिसात शेजारच्या टेबलावर खालिद बसतो. त्याच्या दादीनं लहानपणी त्याला रुस्तमच्या गोष्टी सांगितल्यात, त्याला रुस्तम पहिला हवा. कुणाला दुखवून चालणार नाही.

२८ जुलै
सापडलं! मी बावीस वर्षं आस्थापना शाखेत आहे आणि मला हे सुचायला दीड महिना लागला. कुणाचं नाव आधी, यासाठीच तर ज्येष्ठता यादी असते. पाचही वीरांची रीतसर यादी करायची. कोरे तक्ते शाखेत पडूनच आहेत. यादी झाली की कथा आपोआप होणार. आज साहेब दौऱ्यावर होते, लगेच सुरुवात केली.

१० ऑगस्ट, रविवार
यादी सोपी नाही. जन्मतारखेचा पुरावा एकाकडेही नाही. शेऱ्याच्या रकान्यात सर्वांत जास्त डोकं लागलं. उतरवून ठेवतो:

गिल्गामेश: सर्वांत ज्येष्ठ. अमर होण्याच्या औषधासाठी प्रवास केला. यावरून निवृत्त होण्याची इच्छा दिसत नाही.
भीम: तेरा वर्षे मुख्यालयाबाहेर. पैकी शेवटचे वर्ष नाव बदलून आचारी म्हणून अन्यत्र नोकरी. रजेचा अर्ज आढळून येत नाही.
हर्क्युलिस: नेमून दिलेली बारा कामे पूर्ण. त्यात तबेला साफ करणे हे पदाला न शोभणारे कामही केले. गोपनीय अहवाल उत्तम.
थॉर: हातोडा सरकारी की स्वतःचा, याचा खुलासा मागवावा.
रुस्तम: स्वतःचा घोडा आहे. वाहन भत्ता देय नाही.

एकही शेरा नियमाबाहेरचा नाही.

१८ ऑगस्ट
खालिदला यादी दाखवली. रुस्तमपाशी थांबला. म्हणाला, याला कुणाशी लढायला लावू नका. यानं न ओळखता स्वतःच्या पोराला मारलंय, परत त्याच्या हातात तलवार कशाला देता? दादी तिथवर आली की गोष्ट बंद करायची, म्हणे. वाईट वाटलं. जागेवर येऊन शेऱ्यात भर घातली: ‘कौटुंबिक कारणास्तव बैठे काम देण्यात यावे.’

३० ऑगस्ट, शनिवार
मुदत उद्या. कथेचं एक वाक्य झालेलं नाही. पण घाबरायचं कारण नाही. एवढं मोठं काम वरच्या मान्यतेशिवाय सुरू करणं मुळातच चूक होती. यादीला कव्हरिंग लेटर जोडलं: ‘सोबतच्या प्रारूप यादीस तत्त्वतः मान्यता मिळावी, जेणेकरून कथालेखन हाती घेणे सोयीचे होईल. वीरांच्या हरकती असल्यास पंधरा दिवसांत मागविता येतील.’ स्वतः सरांच्या घरी नेऊन दिलं. पोच घेतली.

१५ सप्टेंबर
उत्तर नाही. मान्यता येईपर्यंत लिहिणं नियमात बसत नाही. दिरंगाई आता त्यांच्याकडून आहे. दाक्षायणीनं विचारलं, दिली का कथा? पाठवलंय, म्हणालो. खरंच पाठवलं होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार
अंक आला. पान ९४, विनोद विभाग. पूर्ण यादी, कव्हरिंग लेटरसकट. बाजूला पोट धरून हसणाऱ्या माणसाचं चित्र. खाली माझं नाव, ठळक अक्षरात.

हा माझा अपमान आहे. सोमवारी सरांना लेखी कळवणार. अंक गाद्यांच्या खाली ठेवला.

१२ ऑक्टोबर
दाक्षायणीला गाद्यांखाली अंक सापडला. आधी ती नाव बघत राहिली. मग वाचलं. हातोड्याच्या खुलाशापाशी जी हसायला लागली ती खालीच बसली. पदरानं डोळे पुसले, परत वाचलं, परत हसली. अक्कलकोटला माहेरी फोन लावून आख्खी यादी तिकडच्या कन्नडात ऐकवली. तिकडेही हसण्याचा आवाज. इतकी हसताना मी तिला एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती.

मग विचारलं, हे मुद्दामच असं लिहिलंय ना? हो, म्हणालो. यादी करताना मी एकदाही हसलो नव्हतो. एक एक शेरा नियम काढून तपासला होता.

१४ ऑक्टोबर
गुरुलिंग सरांचा फोन. अंकात सगळ्यांत जास्त तेच पान वाचलं जातंय. पुढच्या वर्षी राक्षसांची यादी द्या, म्हणाले. मी कथालेखक आहे, असं स्पष्ट सांगितलं. बरं, म्हणाले. राक्षसांचं मात्र लक्षात ठेवा, म्हणाले.

१९ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४
लिहिली! पहाटे पाचला उठून कथेचं पहिलं पान लिहिलं. लाल सूर्य, टेंभुर्णीचा चौक, धुक्यातून येणारे पाच वीर, प्रत्येकाच्या मनातलं वादळ. लिहिताना माझेच डोळे भरून आले.

जेवण झाल्यावर दाक्षायणीला समोर बसवून वाचून दाखवलं. ती सुरुवातीपासून हसायच्या तयारीत बसली होती. सूर्यापाशी थोडं हसली. धुक्यापाशी थांबली. वादळापर्यंत चेहरा पार गंभीर झाला होता. पान संपल्यावर मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली,

“असू दे हो. तुमी आपली यादीच करा की.”

चहा करायला आत गेली. मी पान फाडलं. राक्षसांसाठी नवा तक्ता लागेल. खालिदला उद्या शाखेतला एक काढून ठेवायला सांगतो.